टायरचा काळेपणा, बंपरचा पांढुरकेपणा

घाटवाट (धागाकर्ता)

मागील नोव्हेंबरात मी सात वर्षे वापरलेली एक हॅचबॅक विकत घेतली. पाहायला गेलो त्या दिवशी तिचे चारही टायर ओल्या पाटीसारखे काळेभोर दिसत होते, बंपरखालचे आणि दारांवरचे प्लॅस्टिक तुकतुकीत होते, आणि त्या काळ्या रंगावर मी भाळलो हे आधीच कबूल करतो. टायरचे वय मी विचारले नाही आणि मध्यस्थाने सांगितले नाही. दोन आठवड्यांनी कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या वाहनतळात मी पहिल्यांदा साबणाने चाके घासली, तेव्हा बादलीतील पाणी प्रथम काळपट आणि मग दुधाच्या चहासारखे तांबूस झाले, आणि डाव्या बाजूच्या मागच्या टायरवर, रिमच्या कडेपासून दोन बोटे अंतरावर, केसाएवढ्या बारीक भेगांचे एक पूर्ण वर्तुळ उघडे पडले. त्यावरून नख फिरवले तर ते अडकत होते. टायरच्या बाजूवरील चार अंकी शिक्का होता 3116, म्हणजे 2016 सालचा 31वा आठवडा. गाडीबरोबर कारखान्यातून आलेले टायर सात वर्षे ऊन खात राहिले होते आणि विकण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्यावर पॉलिशचा जाड हात फिरवलेला होता.

चार टायरचा खर्च पदरात पडल्यावर ठरवले की हे पॉलिश, ज्याला बाटलीवर ड्रेसिंग म्हणतात, नेमके काय करते आणि काय करत नाही ते स्वतः वापरून पाहायचे. गेले आठ महिने ते करतो आहे. ब्रँडची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण बाटली कोणती यापेक्षा ती कशी वापरली यानेच अधिक फरक पडतो, असे माझे मत झाले आहे.

बाजारात मुख्यतः दोन जातींचे ड्रेसिंग मिळते. पहिले दुधाळ पांढरे असते. त्यात सिलिकॉनचे तेल पाण्यात बारीक मिसळलेले असते आणि पाणी उडून गेले की तेलाचा पातळ थर मागे राहतो. दुसरे पारदर्शक, तेलकट आणि रॉकेलच्या जवळपास जाणाऱ्या वासाचे असते. त्यात तेच तेल पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेले असते. दुसऱ्याची चमक डोळ्यांत भरते आणि ते पावसात जास्त दिवस तग धरते, परंतु ते लवकर वाळत नाही, धूळ धरून ठेवते आणि चाक फिरू लागले की बाहेर उडते. मला पहिली जात पसंत आहे. ती कोरड्या दिवसांत माझ्या गाडीवर दोन ते तीन आठवडे टिकली. जूनच्या पावसात चार दिवसांत धुऊन गेली.

आता खरे काम, म्हणजे घासणे. मी ते दर पंधरा दिवसांनी करतो. गाडी सावलीत असावी आणि चाके हाताला गार लागली पाहिजेत. एका वेळी एकच चाक घ्यावे. ऑल पर्पज क्लीनर एकास दहा भाग पाण्यात मिसळून टायरच्या बाजूवर फवारावा आणि नायलॉनच्या ताठ ब्रशने घासावे. पहिला फेस तांबूस निघतो. तो धुऊन पुन्हा फवारावे, पुन्हा घासावे, आणि फेस पांढरा राहीपर्यंत हे करत राहावे. जुन्या पॉलिशचे थर साचलेले असतील तर तीन-चार फेऱ्या लागतात. हे न करता मळावर ड्रेसिंग लावले तर ते रबराला धरत नाही, मळाला धरते, आणि मळाबरोबरच निघून जाते. धुतल्यानंतर टायर पुसूनही अक्षरांच्या खाचांमध्ये पाणी राहते, म्हणून वीस मिनिटे थांबावे. घाई करण्याची जागा ही नव्हे, तरीही सगळे जण नेमके इथेच घाई करतात; मीही केली आहे.

लावण्यासाठी फोमचा वाकडा तुकडा मिळतो. तो नसेल तर भांडी घासण्याच्या नव्या स्पंजचा अर्धा भाग चालतो. एका टायरला मला आठ ते दहा मिलिलिटर पुरते. रिमच्या कडेपासून खांद्यापर्यंत गोलाकार पसरवावे आणि जिथे नक्षी सुरू होते तिथे हात थांबवावा, कारण रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागावर तेल असणे हा निव्वळ वेडेपणा आहे. फवारणीचा डबा असेल तर तो थेट चाकावर मारू नये, फोमवर मारावा. अलॉय व्हीलच्या मोकळ्या आऱ्यांमधून डिस्क उघडी दिसते आणि ब्रेकच्या डिस्कवर सिलिकॉन गेले तर पुढचे काय ते सांगायला नको. पंधरा मिनिटांनी जुन्या बनियनच्या फडक्याने टायर पुसून काढावा. पुसून झाल्यावर बोट फिरवावे. बोट ओशट झाले तर पुन्हा पुसावे. टायर चमकत असेल तर वर तेल उरलेले आहे, असे समजावे. कोरडा, दाट, नव्या टायरसारखा मंद काळा रंग दिसला की काम जमले. मग तासभर गाडी हलवू नये.

पहिल्या वेळी मी पुसलेच नव्हते. चांदणी चौकातून मुळशीच्या बाजूला गेलो आणि धरणाजवळ चहाला उतरलो, तेव्हा पांढऱ्या दारांवर पुढच्या चाकांपासून मागे तिरप्या रेषेत काळ्या ठिपक्यांची रांगोळी उमटलेली होती.

बंपर आणि क्लॅडिंग, म्हणजे दारांवरच्या काळ्या पट्ट्या, यांच्या प्लॅस्टिकचे प्रकरण वेगळे आहे. ते सवडीने लिहितो. तोपर्यंत आपले अनुभव वाचायला आवडतील.

पावशेर

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु प्रश्न मूलभूत आहे. टायर ही चिखलात फिरण्याची वस्तू आहे. माझी गाडी अकरा वर्षे सिंहगड रस्त्यावर धूळ खाते आहे, मी दर रविवारी ओल्या फडक्याने टायर पुसतो आणि माझ्या टायरनी आजवर कधी तक्रार केलेली नाही. चपलेच्या तळव्याला पॉलिश करणारा मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही.

घाटवाट

पावशेर, तळव्याला नव्हे, चपलेच्या पट्ट्याला म्हणा. बाकी आपण दर रविवारी टायर पुसता म्हणजे दर रविवारी टायर पाहता, आणि त्या बाबतीत आपण या शहरातील बहुसंख्य गाडीमालकांच्या पुढे आहात.

रबरी_शिक्का

मी टायरच्या रबराचे मिश्रण तयार करण्याच्या विभागात 27 वर्षे काढून निवृत्त झालो आहे, म्हणून दोन गोष्टी नमूद करतो. त्यांतील एक धागाकर्त्याला कदाचित आवडणार नाही.

टायरच्या बाजूचे रबर हे साधारणपणे नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाईन हे कृत्रिम रबर यांचे मिश्रण असते. त्याचा खरा शत्रू ओझोन आहे. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि हायड्रोकार्बन यांच्यावर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तो रबराच्या साखळीतील दुहेरी बंधांवर घाव घालतो. रबर ताणलेले असेल तिथे ताणाच्या आडव्या दिशेने भेग पडते. धागाकर्त्याला दिसलेल्या बारीक भेगा बहुधा याच जातीच्या होत्या. यावर उपाय म्हणून कारखान्यातच दोन पदार्थ मिसळतात. एक मेण, जे हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ पापुद्रा धरते. परंतु टायर फिरताना वाकतो आणि तो पापुद्रा फुटतो. म्हणून दुसरा, सिक्स-पीपीडी या नावाने ओळखला जाणारा पदार्थ, जो पृष्ठभागावर येऊन रबराच्या आधी स्वतःच ओझोनशी संयोग पावतो. हे काम करून झाल्यावर त्याचा रंग तपकिरी होतो. आपल्या बादलीतील चहाचा रंग बऱ्याच अंशी हा होता. तो सगळाच मळ नव्हता; पहाऱ्यावर खर्ची पडलेले शिपाई होते.

यातून निघणारी गोष्ट अशी की दर पंधरा दिवसांनी फेस पांढरा होईपर्यंत क्षारयुक्त क्लीनरने घासणे मला मान्य नाही. खर्च झालेल्या थराबरोबर वर येऊ घातलेले ताजे मेणही आपण काढून टाकतो. जुन्या पॉलिशचे थर काढायचे असतील तेव्हा एकदा तसे जरूर घासावे. त्यानंतर सौम्य साबण आणि पाणी पुरेसे आहे, आणि कडक घासणी वर्षातून दोन-तीनदा करावी. सॉल्व्हंटच्या ड्रेसिंगबद्दलही माझा आक्षेप हाच आहे. पेट्रोलियमचे द्रव्य नैसर्गिक रबराला फुगवते आणि आतील संरक्षक पदार्थ विरघळवून बाहेर ओढते.

बाटलीवर 'अतिनील किरणांपासून संरक्षण' असे लिहिलेले असते. टायरच्या बाबतीत हे काम आतील कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी भुकटी) आधीपासूनच करत असतो. (अवांतर: सुरुवातीच्या काळातील टायर काळे नव्हतेच, झिंक ऑक्साइडमुळे ते पांढुरके दिसत. कार्बन ब्लॅकचा वापर 1910 च्या दशकात सुरू झाला, तो मुख्यतः झीज कमी होते म्हणून.) तात्पर्य, पाण्यावर आधारित ड्रेसिंग पातळ लावले तर टायरला अपाय नाही, आणि फायदा प्रामुख्याने दिसण्याचा आहे. प्लॅस्टिकबद्दल मात्र मी असे म्हणणार नाही, तिथे संरक्षणाला खरेच अर्थ आहे.

घाटवाट

सर, आवडले नाही असे मुळीच नाही. दर पंधरा दिवसांचा कार्यक्रम आजपासून बंद. माझ्या मूळ लेखातील घासण्याचा परिच्छेद नव्या वाचकांनी सरांच्या प्रतिसादासह वाचावा.

वाघोलीची_वाट

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि एरवी बोअरचे पाणी असते, आणि ते इतके जड आहे की नळावर महिन्याभरात पांढरी खपली धरते. टायर धुऊन वाळले की त्यांच्यावर पांढरट नकाशे उमटतात आणि त्यावर ड्रेसिंग लावले तर ते डाग आतून दिसतात. मी आता शेवटचे धुणे पिण्याच्या पाण्याच्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्याने करून पाहिले, तर डाग आणखी वाढले. घाटवाट दादा, आपण कोणते पाणी वापरता?

दुसरी अडचण प्लॅस्टिकची आहे. सकाळी गाड्या पुसणारा मुलगा एकदा मोठ्या हौसेने संपूर्ण गाडीला वॅक्स लावून गेला. पत्र्यावर ते छान दिसते, परंतु काळ्या क्लॅडिंगच्या खडबडीत पोतामध्ये ते वाळून पांढरे झाले आहे आणि दोन महिन्यांत चार वेळा धुऊनही निघत नाही. दारावर कोणीतरी दही सांडल्यासारखे दिसते.

घाटवाट

ताई, पाण्याच्या यंत्रातून बाजूला पडणाऱ्या पाण्यात गाळून निघालेले सगळे क्षार एकवटलेले असतात, त्यामुळे डाग वाढणारच. शेवटचा हात गाळलेल्या शुद्ध पाण्यात पिळलेल्या फडक्याने फिरवा. एका चाकाला अर्धा तांब्या पुरतो. मुख्य म्हणजे पाणी टायरवर वाळू देऊ नका, पुसून घ्या. आमच्याकडे महापालिकेचे पाणी आहे, त्यामुळे हा त्रास मला झाला नाही. वॅक्सबद्दल जाणकारांनी सांगावे.

नाना_पेठी

नाना पेठेत माझे डेंटिंग-पेंटिंगचे लहान गॅरेज आहे. वॅक्सच्या डागांवर सांगतो. पोतामध्ये बसलेले वॅक्स वरून पुसून निघत नाही, ते खळग्यांतून बाहेर काढावे लागते. प्रथम शाळेतील साधे पांढरे खोडरबर घेऊन डागावर घासून पाहावे; ताजे वॅक्स त्याच्या भुग्याबरोबर निघते. जुने असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्म्या पाण्यात मिसळून, जुन्या मऊ टूथब्रशने लहान लहान गोलांत घासावे आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्यावे. टिपले नाही तर विरघळलेले वॅक्स शेजारच्या खळग्यात जाऊन बसते. रंगवलेल्या भागावर ब्रश जाऊ नये म्हणून कडेला मास्किंग टेप लावावी. खरे तर ही टेप वॅक्स लावण्याच्या आधी लावायची असते, पण सकाळी सहा वाजता वीस गाड्या पुसणाऱ्या मुलाकडून ती अपेक्षा धरू नये.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. गाडी रंगाला येते तेव्हा आदल्या दिवशी मालकाने चाकांना आणि बंपरला चमकदार फवारा मारलेला असतो. सिलिकॉनचा अदृश्य थर पत्र्यावर बसलेला असतो आणि त्यावर रंगाची फवारणी केली की रंग जागोजागी मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग सगळे घासून पुन्हा रंगवावे लागते. तेव्हा माझी सर्वांना विनंती आहे की गाडी पेंटिंगला देण्याआधी ड्रेसिंग लावू नये, आणि लावले असेल तर निदान सांगावे. आम्ही रागावत नाही. न सांगितल्यास रागावतो.

आणखी एक पद्धत पाहण्यात येते. काही वॉशिंग सेंटरवर गाडीच्या खालच्या बाजूला डिझेल फवारतात आणि तोच पंप सरळ टायरवर आणि मडफ्लॅपवरही फिरवतात. त्या दिवशी सगळे काळेभोर दिसते. रबराचे डिझेलशी पटत नाही, हे वर सरांनी सांगितलेच आहे. दारांची बीडिंग आणि सस्पेन्शनचे बुश यांच्यावर ते गेले तर ती फुगतात. पैसे देताना 'डिझेल नको' असे स्पष्ट सांगावे.

पावशेर

वॅक्सचे डाग काढण्यासाठी पीनट बटर चोळावे, असा एक परदेशी उपाय मी वाचला होता. घरी प्रस्ताव मांडला. शेंगदाण्याचे कूट साबुदाण्याच्या खिचडीसाठी असते, बंपरसाठी नाही, असे उत्तर मिळाल्याने प्रयोग होऊ शकला नाही.

कात्रज_दुचाकी

मी मोटारसायकल चालवतो. दुकानदाराने टायर पॉलिशची लहान बाटली मोफत दिली आहे. चालेल का?

रबरी_शिक्का

नाही. मोटारीचा टायर वळणावरही बऱ्यापैकी सपाट टेकतो आणि त्याची बाजू रस्त्याला लागत नाही. दुचाकी वळताना कलते आणि टायरचा कडेचा भाग, जो सरळ जाताना बाजूसारखा दिसतो, तोच रस्ता धरून ठेवतो. जुन्या कात्रज घाटाच्या वळणावर त्या कडेवर सिलिकॉन असेल तर पकड नेमकी हवी त्या क्षणी सुटेल. दुचाकीच्या टायरला साबण-पाण्यापलीकडे काहीही लावू नये. हेच सीट, पायाचे रबर आणि हँडलच्या मुठीबद्दल. मोटारवाल्यांनीही स्टीअरिंग आणि पेडल यांना हे पदार्थ लावू नयेत. ती बाटली आपण मडगार्डच्या काळ्या प्लॅस्टिकसाठी वापरू शकता, फवारा टायरवर आणि ब्रेकवर जाणार नाही याची काळजी घेऊन.

घाटवाट

आता प्लॅस्टिककडे वळतो. क्लॅडिंगचा तुकडा काढून मागून पाहिला तर बहुधा पीपी आणि ईपीडीएम अशी अक्षरे कोरलेली सापडतात, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबर मिसळलेले. त्यावर रंग नसतो, काळेपणा आतूनच घातलेला असतो. तरीही वरचा थर उन्हाने झिजतो, त्यात सूक्ष्म खळगे आणि भेगा पडतात, आणि प्रकाश सरळ परत येण्याऐवजी चहूकडे विखुरतो. म्हणून ते पांढुरके दिसते. ओला हात फिरवला की ते क्षणभर काळे होते, कारण पाण्याने खळगे भरतात. ड्रेसिंगही तेच करते, पण पाण्यासारखे लगेच उडून जात नाही. माझ्या गाडीची उजवी बाजू वाहनतळाच्या कडेला, दुपारच्या उन्हात असते, आणि त्या बाजूच्या आरशाचा पाया डाव्या बाजूच्या मानाने खडूसारखा पांढरा झाला होता. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात सावलीत पारा चाळिशीच्या आसपास जातो; उन्हात उभ्या असलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर हात ठेवता येत नाही.

मी तीन भागांवर तीन गोष्टी केल्या. पुढच्या बंपरखाली दुधाळ ड्रेसिंग लावले; ते उन्हाळ्यात दोन आठवडे टिकले, पहिल्या वळवात ओघळले आणि रंगवलेल्या बंपरवर राखाडी रेघा उमटल्या. मागच्या बंपरला, कोणाच्या तरी सांगण्यावरून, खोबरेल तेल लावले; दोन दिवस ते सुंदर दिसले, तिसऱ्या दिवशी त्याच्यावर मेट्रोच्या कामाची सगळी धूळ जमा झाली आणि आठवड्याने ते काढताना साबणाचा निम्मा वाटा संपला. दारांवरच्या क्लॅडिंगला ट्रिम कोटिंग लावले, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

हे कोटिंग ड्रेसिंगसारखे ओशट राहत नाही, ते पृष्ठभागावर घट्ट होते. तीस मिलिलिटरची बाटली लहान वाटते, पण हॅचबॅकच्या सगळ्या प्लॅस्टिकला पुरून उरली. मात्र त्याआधीची तयारी कंटाळवाणी असते. आधीचे ड्रेसिंग पूर्ण निघाले पाहिजे. क्लीनरने दोनदा घासणे, धुणे, वाळवणे, आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसणे, इतके झाल्यावर स्वच्छ पांढरे फडके दाबून पाहिले. त्यावर काळे-तेलकट उमटले नाही तेव्हाच पुढे गेलो. हातमोजे घालून, सावलीत, एका वेळी वीतभर भाग घेऊन चार-पाच थेंब पसरवले आणि मिनिटभरात मायक्रोफायबरने सारखे केले. मिनिटाऐवजी पाच मिनिटे गेली तर तिथे गडद पट्टा राहतो आणि तो नंतर जात नाही. माझ्या डाव्या मागच्या दारावर असा एक पट्टा आहे, कारण मध्येच कुरिअरवाल्याचा फोन आला होता. त्यानंतर चोवीस तास पाणी लागू दिले नाही. हे काम मार्चमध्ये केले आणि आज, जुलै अखेर, दारे अजून काळी आहेत. पावसाचे थेंब त्यांच्यावर मण्यांसारखे उभे राहतात. शेजारचा ड्रेसिंगवाला बंपर पुन्हा पांढुरका झाला आहे, त्यामुळे तुलना रोज डोळ्यांसमोर असते.

ज्यांना पुढच्या पावसाळ्याआधी हे करायचे आहे त्यांनी मे महिन्याच्या मध्यापर्यंत आटोपावे. वळवाचा भरवसा नाही.

रात्रपाळी

हिंजवडीहून रात्री दीड वाजता परतणारा माणूस म्हणून एक इशारा देतो. काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी जी काळी जाळी असते, तिला मी मे महिन्यात चमकदार ड्रेसिंग भरपूर लावले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ते विरघळून काचेवर आले आणि वायपरने ते नेमाने दोन्ही बाजूंना पसरवले. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती तेलकट प्रभावळ दिसू लागली. वायपरचे पाणी फवारले की ती अधिकच पसरत होती. शेवटी भूमकर चौकाच्या पुढे गाडी बाजूला घेऊन भांडी घासण्याच्या साबणाच्या पुडीने काच धुतली. सुदैवाने घरचे सामान डिकीत होते. वायपरची पाती अल्कोहोलने पुसल्यावरच पूर्ण आराम पडला. त्या जाळीला एकतर धागाकर्त्याने सांगितलेले कोटिंग लावावे किंवा ती पांढुरकी राहू द्यावी.

नाना_पेठी

रात्रपाळी यांचा अनुभव अगदी खरा आहे. जोडीला हीट गनबद्दलही सांगून ठेवतो, कारण तिने प्लॅस्टिक काळे करण्याचे चलचित्र पाहून दर महिन्याला कोणीतरी गॅरेजमध्ये येते. गरम हवेने पांढरे प्लॅस्टिक डोळ्यांदेखत काळे होते, हे खरे आहे. वरचा झिजलेला थर वितळून पुन्हा सपाट होतो. पण तो पुन्हा झिजतो, आणि दरवेळी पोत थोडा थोडा पुसला जातो. आमच्याच गॅरेजमधील एका होतकरू मुलाने एका बंपरच्या कोपऱ्यावर गन चार सेकंद जास्त धरली, तर तेवढ्या जागेचा दाणा जाऊन ती आरशासारखी गुळगुळीत झाली. बंपर नवा द्यावा लागला. त्याच्या पगारातून नाही, माझ्या खिशातून.

वाघोलीची_वाट

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी कामाला बसले. खोडरबराने काहीच झाले नाही, परंतु अल्कोहोल आणि टूथब्रशने दारांवरचे दही दीड तासात निघाले. टिपून घेण्याची सूचना फार मोलाची ठरली. पहिल्या वीतभर भागात मी टिपले नव्हते आणि तो भाग दुसऱ्यांदा करावा लागला. गाड्या पुसणारा मुलगा शेजारी बसून सगळे पाहत होता, त्याला मी मास्किंग टेपचे एक रीळ देऊन टाकले. टायरचा फेस तिसऱ्या फेरीला पांढरा झाला. दुधाळ ड्रेसिंग लावून, पुसून, बोट फिरवून पाहिले. यजमानांना काही लावले आहे हे ओळखूच आले नाही, म्हणजे बहुधा जमले असावे.

टायरवरील शिक्केही वाचले. चारही टायर 2020 सालचे निघाले. मग उत्सुकतेने डिकीतील सामान काढून स्टेपनी पाहिली. ती काळी कुळकुळीत आहे, तिच्यावरचे रबरी केस अजून शाबूत आहेत, आणि शिक्का 0914 आहे. तिलाही ड्रेसिंग लावावे का?

रबरी_शिक्का

ताई, केस शाबूत आहेत याचा अर्थ ती धावलेली नाही, एवढाच. 2014 सालच्या 9व्या आठवड्यातील टायर आज दहा वर्षांच्या पुढे गेला आहे, आणि अनेक टायर कंपन्या निर्मितीपासून दहा वर्षांनंतर स्टेपनीसुद्धा बदलण्याचा सल्ला देतात. अंधारात राहिल्यामुळे ती काळी राहिली. रबराचे वय अंधारातही वाढते. तिला काहीही लावू नका. नक्षीच्या खाचा अंगठ्याने फाकवून तळाशी भेगा दिसतात का ते पाहा, आणि हवेचा दाब तपासून मला कळवा.

वाघोलीची_वाट

खाचांच्या तळाशी बारीक रेषा आहेत. हवा 11 निघाली. 33 असायला हवी होती. गेल्या दिवाळीत आम्ही हीच स्टेपनी डिकीत घेऊन कोकणात जाऊन आलो. उद्या सकाळी टायरच्या दुकानात जाते.